दोन घोड्यांच्या गाडीतला गणपती

गणपती स्वतः उंदरावर बसतो, तेव्हा छोट्या गाडीबद्दल त्याची काही तक्रार नसणार, असं मी गृहीत धरलं होतं. गणपतीने तक्रार केलीही नाही. बाकीच्या सगळ्यांनी केली, आणि ती अजून चालू आहे.

आम्ही तेव्हा कॅनडात ब्रॉसार्डला राहायचो. मी नदीपलीकडे माँट्रियालच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी बिघडवलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करायचो, शनिवारी फ्रेंचच्या क्लासला जायचो आणि उरलेल्या वेळात थकायचो. माझी बायको सुषमा नागपूरला शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या तासाला पोरं पळून जात नसत (माझ्या माहितीत असा दुसरा तास नाही!). पण इकडे आल्यावर तिचा डिप्लोमा लोक हातात घेत, 'व्हेरी नाइस' म्हणत आणि परत करत. चार वर्षं ती घरीच होती. कुरकुर कधी केली नाही, पण धुतलेल्या कपड्यांच्या घड्या मोडून ती पुन्हा घालत बसायची. मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं. करता मात्र काही यायचं नाही.

आमच्या मराठी मंडळाची गणपतीची मूर्ती दरवर्षी भारतातून विमानाने यायची आणि येताना कुठेतरी मोडायची. एका वर्षी हात, एका वर्षी कान. त्या वर्षी मीटिंगमध्ये अध्यक्ष देशपांडेकाका पुन्हा ऑर्डरचा विषय काढणार, तेवढ्यात सुषमा म्हणाली, "यंदा मी करते मूर्ती."

सगळ्यांनी माना वळवल्या. चार वर्षांत ती मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलली होती.

"जमेल का पण?" काकांनी मला विचारलं. (तिला नाही, मला!)

"जमेल," ती म्हणाली.

पुढचे दोन महिने आमच्या बेसमेंटमध्ये माती, पाणी आणि सुषमा. स्वयंपाक मी करायचो, त्यामुळे आमची दहा वर्षांची ईशा रोज प्रार्थना करायची की गणपती लवकर पूर्ण होऊ दे. आणि झाला हो! पाटासकट तीन फूट. डोळे रंगवून झाल्यावर सुषमा मागे सरली, हात पुसले आणि म्हणाली, "इथे आल्यापासून पहिल्यांदा मी काहीतरी केलंय." मी लगेच छाती पुढे काढून म्हणालो, "ही हॉलपर्यंत नेण्याची जबाबदारी माझी." तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मी इंजिनियर माणूस. बेसमेंटचा जिना मोजला, वळण मोजलं, पुढचं दार मोजलं. आमची गाडी मोजली नाही.

मोजायचं कारणच नव्हतं, कारण मंडळातल्या पाटीलची व्हॅन येणार होती. चतुर्थीच्या सकाळी नऊला मी त्याला फोन केला.

"अरे, मी ओटावाला आहे! मुलाची हॉकी टूर्नामेंट. ईमेल टाकला होता ना तुला, मंगळवारी."

"वाचला नाही रे."

"मग मी काय करू? बरं ऐक, मोदक उरले तर ठेव."

अकराला स्थापना. नदीपलीकडे माँट्रियालच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. आमच्या सेडानच्या मागच्या दारातून मूर्ती सरळ जाईना, तिरकी जाईना, आणि आडवी घालायची नाही असं सुषमाने स्पष्ट सांगितलं. आम्ही तिघं ड्राइव्हवेत उभे. मध्ये पाटावर गणपती, तोंडावर भगवा रुमाल. मूर्तीचा चेहरा स्थापनेपर्यंत झाकून ठेवतात म्हणून बरं. नाहीतर माझं तोंड त्याला पाहावं लागलं असतं.

तेवढ्यात शेजारच्या गराजचं दार वर गेलं आणि मला आणखीनच थकल्यासारखं झालं. कारण आतून मस्यू बोलाँजे बाहेर आले.

मस्यू म्हणजे श्रीयुत. मस्यू बोलाँजे हे आमचे शेजारी. सत्तरीचे, निवृत्त आणि एका गाडीच्या प्रेमात पडलेले. ती गाडी म्हणजे 'दू शव्हो'. दू शव्हो म्हणजे दोन घोडे. फ्रान्सची जुनी, सगळ्यात स्वस्त, छोटी गाडी. त्यांनी ती बोटीने मागवली होती. बेडकासारखे बाहेर आलेले दिवे, पत्र्याच्या डब्यासारखं अंग, वर कापडी छत, आणि गिअरची दांडी डॅशबोर्डातून छत्रीच्या मुठीसारखी बाहेर आलेली. या गाडीचा इतिहास मी चार हिवाळे ऐकत होतो. बर्फ शोव्हल करायला बाहेर पडलो की मस्यू कुंपणापाशी हजर! कंपनीने इंजिनियरांना सांगितलं, चार चाकांवर छत्री बसवा. शेतकऱ्याला डोक्यावर हॅट ठेवून बसता आलं पाहिजे, शेजारी बटाट्याचं पोतं मावलं पाहिजे. महायुद्धात जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून पहिल्या गाड्या लपवून ठेवल्या. युद्धानंतर गाडी लोकांपुढे आणली तेव्हा सगळे हसले, आणि मग त्याच हसणाऱ्यांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. (हे मला लगेच पटलं. आमच्या बाबांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी पहिलीत होतो, आणि ती दारात आली तेव्हा मी तिला ढकलण्याइतका मोठा झालो होतो.) आणि शेवटी, दरवेळी, अंडी. "नांगरलेल्या शेतातून गाडी न्या मस्यू विनय, मागे टोपलीभर अंडी ठेवा. एक फुटणार नाही. एकसुद्धा!" असं म्हणून ते मागच्या बंपरवर दोन्ही हात ठेवून गाडी खालीवर हलवून दाखवायचे. गाडी पाळण्यासारखी डुलायची. मी "से बाँ, से बाँ", म्हणजे छान छान, म्हणून फावडं उचलायचो.

त्या दिवशी मस्यूंनी मूर्तीकडे पाहिलं, आमच्या गाडीकडे पाहिलं आणि शांतपणे छताचे हुक काढले. कापड चटईसारखं गुंडाळून मागे नेलं. मग मागची अख्खी सीट उचलून अंगणात ठेवली. दोन मिनिटं! मी तोंड उघडायच्या आत आम्ही तिघांनी उचललेला गणपती वरून आत उतरला होता आणि त्याचा मुकुट छताच्या बाहेर वीतभर दिसत होता.

"मी बसते मागे," सुषमा म्हणाली.

"छे! जबाबदारी माझी. तू ईशाला आणि मोदकांना घेऊन मागून ये."

"अहो, पण..."

"अंडी फुटत नाहीत यात!"

"ईशा, ती माझी पिशवी घे गं," सुषमा म्हणाली आणि आत जाऊन काहीतरी घेऊन आली. मी रेशमी झब्बा सावरून गाडीच्या तळावर मांडी घातली, मूर्तीला मिठी मारली आणि ओरडलो, "गणपती बाप्पा..."

"मोघिया!" मस्यू म्हणाले, आणि दोन्ही घोडे निघाले.

इतिहास खरा होता, हे मला आजही मान्य करावं लागतं. आमच्या रस्त्यावर एक खड्डा आहे, त्यात आमची सेडान गेली की माझे दात वाजतात. दू शव्हो त्यातून अशी गेली की मला कळलंसुद्धा नाही. मी खूश झालो. मग पहिलं वळण आलं.

नांगरलेल्या शेतात वळणं नसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती गाडी वळताना झोपते. चाकं जमिनीवर राहतात, पण बाकीचा ऐवज कुशीवर! मी एका बाजूला, गणपती माझ्यावर, आणि मस्यू पुढे "आताँसियाँ!" म्हणजे सांभाळा म्हणून ओरडतायत. फोन वाजला. मागच्या गाडीतून ईशा.

"बाबा, मॉम इज आस्किंग व्हाय ही इज टिल्टिंग."

"मी धरलंय म्हणावं!"

"शी सेज यू आर ऑल्सो टिल्टिंग."

पुढचं वळण उजवीकडे होतं, म्हणजे आता गणपती खिडकीकडे आणि मी त्याच्यावर. ते जास्त वाईट. मी मस्यूंना माझ्या सगळ्या फ्रेंचनिशी सांगितलं, "हळू, कृपया, देव आहे." त्यांनी वेग कमी केला. दोन घोड्यांचा वेग कमी केल्यावर उरतं काय? मोठ्या पुलावर चढलो तेव्हा आमच्यामागे माँट्रियालपर्यंत जाणाऱ्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजतगाजत मिरवणूक म्हणतात ती हीच.

पुलाच्या मध्यावर वारा सुटला आणि थेंब पडला.

सुषमाने मूर्ती कच्च्या मातीची केली होती, विसर्जनात विरघळावी म्हणून. खाली नदी, वर पाऊस! स्थापनेआधीच विसर्जन होणार होतं. छत बंद होईना, कारण मध्ये मुकुट. मस्यूंची छत्री उघडली, तर वाऱ्याने उलटी केली. शेवटी मी झब्बा काढला, मुकुटापासून सोंडेपर्यंत गुंडाळला आणि वारा तो नेऊ नये म्हणून उभा राहून दोन्ही हातांनी धरला. वाकून वाकून किती वाकणार! छोट्या फ्रेंच गाडीच्या छतातून कमरेपर्यंत वर आलेला, बनियनवरचा मी, आणि शेजारी झब्बा घातलेला गणपती. फोन पुन्हा वाजला. या वेळी मी घेतला नाही. मागे पाहिलं तर आमच्या सेडानमध्ये सुषमाने कपाळावर हात मारलेला दिसत होता.

पण पोहोचलो! हॉलबाहेर दीडशे माणसं, ढोल-ताशांची सीडी, देशपांडेकाका फेटा बांधून उभे. पाऊस थांबलेला. मी झब्बा काढून, रुमाल जरासा उचलून पाहिलं. मूर्तीला ओरखडा नाही. रंगाचा ठिपका हलला नव्हता. सुषमा धावत आली, तिने मूर्तीला डोक्यापासून पाटापर्यंत नजरेने तपासलं आणि मोठा श्वास सोडला. तेव्हा मी तिथेच थांबायला हवं होतं.

"कमाल केलीस विनय!" कोणीतरी म्हणालं. "यात आणलीस? या खेळण्यात?"

खेळण्यात! चार हिवाळ्यांचा इतिहास माझ्या घशाशी आला. मी खाली उतरलो, गर्दी जमली, आणि मी, आजवर मंडळात ज्याला कोणी माइक दिला नव्हता तो मी, बोलायला लागलो. शेतकरी, हॅट, बटाटे, जर्मन. सगळं सांगितलं. "आणि सस्पेन्शन म्हणाल तर," मी म्हणालो, "हे बघा!" दोन्ही हात मागच्या बंपरवर ठेवले आणि सगळा जीव लावून गाडी हलवली.

गणपती अजून आतच होता.

गाडी खाली गेली, वर आली. मूर्ती पुढे झुकली, छताच्या कडेवर टक् असा आवाज झाला, आणि रुमालासकट सोंड खाली पडली.

ढोलाची सीडी कोणीतरी बंद केली. इतक्या माणसांत इतकी शांतता मी फक्त ऑफिसात, नोकरकपातीच्या मीटिंगमध्ये ऐकली आहे. मस्यूंनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"खंडित झाली," देशपांडेकाका म्हणाले. "आता ही बसवता यायची नाही."

मी सुषमाकडे पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. दोन महिन्यांचं काम, चार वर्षांतलं एकमेव, आणि ते मी मोडलं होतं. मला खरोखर रडू येत होतं, आणि बनियनवर रडणं फार वाईट दिसतं.

"काका," सुषमाचा आवाज आला, अगदी वर्गातला, "अजून प्राणप्रतिष्ठा कुठे झालीय? आत्ता ही माती आहे. खंडित कसली? मला पाणी आणि पंधरा मिनिटं द्या. ईशा, पिशवी."

पिशवीतून डबा निघाला. डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा गोळा, बारीक तार, दोन ब्रश आणि रंग.

"हे तू कधी आणलंस?" मी विचारलं.

"तुम्ही जबाबदारी घेतली तेव्हाच डबा भरून ठेवला होता."

मूर्ती टेबलावर आली. सुषमाने पदर खोचला, तार बसवली आणि सोंड जोडायला घेतली. आधी दोन बायका जवळ आल्या, मग पोरं, मग सगळेच. ती हात चालवत सांगत होती, माती किती ओली हवी, सांधा कसा लपवायचा. एक पोरगं जागचं हललं नाही. ऐन मुहूर्तावर काम संपलं. लोकांनी आरतीआधीच टाळ्या वाजवल्या, आणि देशपांडेकाकांनी तिला विचारलं (मला नाही, तिला!), "पुढच्या वर्षी आमच्या नातवंडांना शिकवाल का?" ती हसली. नागपूरला शाळा सुटल्यावर गेटपाशी हसायची, तसं. ते पाहून सगळा शीण गेला म्हणायला हवं. निम्मा गेला.

पुढच्या वर्षी आमच्या बेसमेंटमध्ये चौदा पोरांनी चौदा गणपती केले. मंडळाची मोठी मूर्ती न्यायला सुषमा, ईशा आणि मस्यू बोलाँजे गेले. मला घरी ठेवलं. अगदीच रिकामा नाही हं, माझ्याकडे महत्त्वाचं काम सोपवलं होतं: हॉलवरून कोणी फोन केला, तर मूर्ती निघाली आहे असं सांगायचं.

मी झब्बा घालून दुपारपर्यंत फोनजवळ बसलो होतो. कोणीही फोन केला नाही.