मधला आकडा

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका शाळेत मी समुपदेशक होते. म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि मी. ज्या पोरांचं काय करावं हे कुणाला सुचत नसे, ती माझ्याकडे धाडली जात. नववीतली ती मुलगी अशीच आली. कळवणकडची, तिकडचीच बोली बोलणारी, मामाकडे राहून शिकणारी. वर्गात ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणाली म्हणून मराठीच्या बाईंनी तिला बाकावर उभं करून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. वर्ग हसून लोळला. बाईंना हा खेळ आवडला आणि तो रोजचाच झाला. मग मुलीने बोलणंच सोडलं. बाईंनी माझ्याकडे निरोप धाडला, मुलगी मंद वाटते, तपासा.

माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “माले बोलता येस. पन बाई हासतस.”

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. बाईंचा निकाल दरवर्षी किती चांगला लागतो, हे त्यांनी मला ऐकवलं आणि चहा मागवला.

त्याच सुमारास शहरात तज्ज्ञांची एक समिती नेमली गेली. शाळेतल्या समुपदेशनात आधी कशावर संशोधन व्हावं, हे सगळ्यांच्या एकमताने ठरायचं होतं. शाळेत प्रत्यक्ष काम करणारं कुणीतरी हवं म्हणून मलाही घेतलं. पद्धत मोठी न्यायाची होती. एकमेकांचा दबाव नको म्हणून समोरासमोर बसायचं नाही. विषय टपालाने येणार, प्रत्येकाने घरी बसून गुण द्यायचे. मी एक विषय घातला, वर्गात शिक्षकांकडून होणारा अपमान. तो वरच्या पाचांत आला तर बाहेरची माणसं शाळाशाळांत येऊन मुलांशी एकेकटं बोलणार होती, आमच्याही शाळेत. मी मुलीला हे सांगितलं. तोवर कळ काढ, म्हटलं. ती रोज मधल्या सुट्टीत माझ्या दारात डोकवायची. मी नकारार्थी मान हलवली की निमूट परत जायची.

पहिल्या फेरीत काहींनी भरभरून गुण दिल्याने माझा विषय बराच वर होता. मी हुरळून गेले. दुसऱ्या फेरीत प्रत्येक विषयापुढे सगळ्यांच्या गुणांतला मधला आकडा छापून आला आणि पुन्हा गुण द्यायचे होते. ज्यांचे गुण त्या आकड्यापासून फार दूर असतील, त्यांनी तसं का, हे अर्ध्या पानात लिहायचं होतं. मी दोन पानं भरली. निकाल आला तेव्हा माझा विषय यादीबाहेर होता आणि परीक्षेचा ताण पहिला.

माझं डोकं फिरलं. समितीतल्या एका निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी आधी फोन करून माझ्या विषयाचं तोंडभर कौतुक केलं होतं. मी थेट त्यांच्या घरी गेले. ते पिंपळगावहून आलेल्या पेटीतली द्राक्षं निवडत बसले होते.

“मॅडम, तुमचं शंभर टक्के खरं आहे,” ते म्हणाले. “पण कारणं लिहीत कोण बसणार? मी आपला मधला आकडा टाकला आणि पाकीट चिकटवलं. बाकीच्यांनीही तेच केलं असणार.”

त्यांनी बशीभर द्राक्षं पुढे केली. मी खाल्ली. गोड होती, त्याचासुद्धा राग आला.

समितीचा समारोप आमच्याच शाळेत झाला. पाहुण्यांसाठी गुलाबाचं तबक धरायला बाईंनी त्याच मुलीला उभं केलं. त्या कामात बोलावं लागत नाही, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. अध्यक्ष मानसोपचारतज्ज्ञ होते. गुलाब घेताना त्यांनी प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला कशाची भीती वाटते, बाळ? परीक्षेचीच ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

“हो सर. परीक्षेची भीती वाटते.”

अगदी शुद्ध बोलली. अध्यक्ष आमच्याकडे वळून समाधानाने हसले. टाळ्या सुरू केल्या त्या बाईंनी.

जूनमध्ये ती शाळेत आली नाही. परीक्षेच्या ताणावरच्या संशोधनासाठी आमच्या शाळेने तिचंच नाव पाठवलं होतं. ती शाळेतच नाही म्हटल्यावर संशोधन करणाऱ्यांनी दुसरी मुलगी घेतली.