पलटणीच्या पत्त्यांची पेटी कुणाच्या घरात?

बायांनो, हा कागद आजच पिठाच्या गिरणीच्या भिंतीला चिकटवलाय. जिला वाचता येतं तिनं बाकीच्यांना वाचून दाखवा.

आज दुपारी चावडीत आपल्या फौजेतल्या मालकांचे पलटणीचे पत्ते लिहायला घेतले. एकेका फौजीचं एकेक कार्ड, सगळी एका पेटीत. काम चांगलं, म्हणून मीही पत्ता सांगितला.

मग रिटायर सुभेदार म्हणाले, "पेटी माझ्या घरी ठेवतो. ट्रंकेत, कुलपात."

मला तिथंच खटकलं. त्यांच्या सोप्यात दिवसभर पुरुष बसलेले. त्यांच्यामधनं आत कोण जाणार?

मी म्हटलं, "आवं सुभेदार, शांतीचं पोरगं तापानं फणफणलं, तवा पत्ता सासऱ्याच्या खिशात आन् सासरा बाजाराला. वडूजला पोस्टात जाऊन मालकाला तार न करताच परत आली ती. आता तुमच्या पायरीवर उभं राहून वाट बघायची व्हय?"

"वैनी, लय संशय घेता बगा तुमी."

"घेते. पेटी गिरणीत ठेवा. तिथं आमी रोज येतोय."

गिरणीवाले रसूलभाई लगेच "जागा हाय" म्हणाले. एवढ्या लगेच का, हेही मला कळेना. म्हणून पेटी गिरणीत ठेवताना तिला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

घरी जाताना वाटेत शांती म्हणाली, "काकी, तुमी म्हायेरी गेला तर?"

खरं आहे पोरीचं. दुसरी किल्ली करून घेते. पण ती माझ्या जावेला नाही द्यायची, मैत्रिणीलाही नाही. माझ्यावर सगळ्यात जास्त संशय जिचा, तिनं ती घ्यायला पुढं यावं.