झोळीत ठेवलेला दगड

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझं माहेर चंदगडच्या रानातलं. लहानपणी अंधार पडल्यावर ओढ्यावरून पाणी आणलंय, कधी काही दिसलं नाही. त्यामुळे दुसऱ्यांचे असले अनुभव वाचले की मी मनात म्हणायची — वारं असेल, नाहीतर भीती असेल. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, नीट मांडता येईल का माहीत नाही... पण हे कुणाला बोलून दाखवण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं.

आम्ही कोल्हापुरात राहतो. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. माझी मुलगी वैशाली... तिचं पहिलं बाळ, मुलगा, बारशाच्या आधीच गेलं. तेव्हापासून ती माझ्याकडेच असते. जावई रविवारी येतात, चहा घेतात, उठून जातात. आणि वैशूची झोप गेली ती गेलीच. रात्रभर घरात तिच्या चालण्याचा आवाज. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सुस्ती यायची, झोप नाही.

मग ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर डोंगरात जायला लागली. दमलं की झोप येईल, म्हणायची. तंबू, फोमची चटई, जाड स्लीपिंग बॅग — पाठीवर एवढं ओझं की घरी येईपर्यंत खांदे सुजायचे. एके दिवशी तिने तंबू विकून टाकला आणि रेशमासारखं पातळ कापड माझ्या मशीनवर आणून ठेवलं.

"आई, ह्याच्या दोन्ही टोकांना नेफा घालून दे. दोरी ओवायची हाय. हॅमॉक करायचाय. दोन झाडांना बांधायचा न् आत झोपायचं."

"म्हणजे झोळी की," मी बोलून गेले. बाळाला निजवतात तसली. तोंडातून शब्द गेला, आणि मी मान खाली घालून नेफा दुमडायला घेतला.

त्यानंतर तिला वजन कमी करायचं वेडच लागलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघायची. चटई गेली, स्लीपिंग बॅग गेली, तिच्या जागी पातळ दुलई आली. दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा कापली.

"उद्या केसांची येणी कापून ठेवशील, तेवढंच वजन कमी म्हणून," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय गं," म्हणून ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

तिला झोळी घेऊन एकटीलाच जायचं होतं. एकटीला रानात कशी पाठवू? मी बरोबर निघाले. थंडीचे दिवस. एसटीने चंदगड, तिथून माझ्या माहेरच्या गावी, आणि गावामागच्या ओढ्याकडे चालत. माझी वाकळ, जुन्या लुगड्यांची जाड गोधडी, मी डोक्यावर घेतली होती.

"आई, माझ्या सगळ्या सॅकपेक्षा तुझी वाकळ जड हाय!"

"असू दे की. माझं डोस्कं हाय, तुझी पाठ न्हाय."

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ओढ्याकाठच्या दोन जांभळींना तिने रुंद पट्टे गुंडाळले, झोळी टांगली, आत पडून बघितलं. "खालनं गार लागतंय गं," म्हणाली. चटई नव्हती ना, सगळं वारं पाठीला. मग ती पाणी भरायला वरच्या अंगाला गेली.

रिकामी झोळी वाऱ्याने हलत होती. ते मला बघवेना. आमच्याकडे रिकामा पाळणा हलू देत नाहीत. आणि बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, टोपरं घालून. बाळावर काही यायचं असेल ते दगडावर जावं, असं माझी आई सांगायची. वैशूच्या पाळण्यात तो निजवायची वेळच आली नव्हती. निदान ह्या झोळीत तरी... असं मनात आलं. मी ओढ्यात हात घातला आणि वरवंट्यासारखा एक लांबट दगड काढला. पाणी इतकं गार की बोटं दुखली. तिथे झाडी दाट, ऊन खाली पोचतच नाही. दगड पदराने पुसला आणि झोळीत ठेवला. ती यायच्या आत काढून टाकणार होते.

पण ती लवकर आली. खाली लोंबलेलं कापड बघून जागच्या जागी थांबली.

"आई... आत कोण हाय?"

"कोण न्हाय गं. दगूड हाय. रिकामी हलत हुती, म्हणून ठेवला."

तिचा चेहरा बदलला. दगड भिरकावून द्यायलाच तिने हात आत घातला... आणि हात तसाच राहिला.

"तू ह्यो शेकोटीजवळ ठेवला हुतास?"

शेकोटी अजून पेटवलीच नव्हती. मी हात लावला. दगड कोमट होता. उन्हात तापलेल्या दगडासारखा नाही — झोपलेलं मूल उचललं की अंथरुणात त्याच्या जागी ऊब राहते ना, तसा.

"टाक त्यो. पाण्यात टाक," मी म्हणाले.

"राहू दे." एवढंच बोलून ती दगड छातीशी घेऊन आत शिरली. आणि झोपली! सकाळी दिवस चांगला वर येईपर्यंत झोपली. मी खाली वाकळेवर जागीच होते. मध्येच उठून झोळीला खालून हात लावून बघितला. थंडीने माझी बोटं आखडली होती, आणि ते एवढंसं पातळ कापड उबदार...

सकाळी तिने चहा मागून घेतला. मी म्हटलं, "जिथला दगूड तिथं ठेव." तिने ऐकलं नाही. ब्रशची दांडी कापणाऱ्या माझ्या पोरीने तो दगड सॅकमध्ये घातला. परतताना एसटीत तिने माझा हात धरून त्याच्यावर ठेवला. थंडगार.

त्यानंतर तो कधीच गरम झाला नाही. ती ऑफिसला गेली की मीही हात लावून बघते. माझा भाऊ म्हणतो, दगडात उन्हाची ऊब राहते. पण ऊन होतं कुठे? जावई म्हणाले, भास झाला असेल. दोघींना एकदम? 

वैशू आता सुट्टी मिळाली की तो दगड घेऊन तिथेच जाते. एकटी. येते ती लाल डोळ्यांनी. झोप पुन्हा गेली. आणि सॅक दर वेळी आणखी हलकी. आधी झोळीवर बांधायची ताडपत्री काढली, मग स्वेटर. परवा पातळ दुलईसुद्धा घडी करून कपाटात ठेवली, तेव्हा मी दार अडवून उभी राहिले.

"थंडीनं मरशील की गं!"

"आई, त्या दिवशी मला खालनं गार लागत हुतं," ती अगदी शांतपणे म्हणाली. "म्हणून आला माझा बाळ, ऊब द्यायला. मी उबंत असल्यावर कशाला यील?"

मी दारातून बाजूला झाले. ह्या वेळी मीही जाणार आहे, वाकळ बांधून ठेवली आहे. तिने एकच अट घातली — "ये, पण ती माझ्या अंगावर घालायची न्हाय."

तो दगड तेव्हा कसा गरम झाला, मला अजून कळलेलं नाही. देवापुढे बसते तेव्हा तो पुन्हा गरम होऊ दे म्हणून हात जोडावेत, की कधीच होऊ नये म्हणून... तेही कळत नाही.