आक्काच्या दुकानाची पूजा

कुणी तेलाचा डबा घेऊन चेनकडे वळला, की आक्का त्याच्या मनगटावर फटकन मारायची. "आगुदर पूस, मंग तेल!" उदगीरच्या त्या गल्लीत हा फटका न खाल्लेला सायकलवाला शोधून सापडला नसता. अशी तोंडाळ बाई तुमच्याही गल्लीत असेल म्हणा. पण तिच्या हातात सायकल दुरुस्तीचा पाना नसेल.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झालेला, आणि वर दुष्काळ. रोजगार हमीच्या कामांवर हजेरी घेत मी जळकोटच्या बाजूला हिंडायचो. चढ फार, म्हणून पुण्याच्या मेव्हण्याकडून जुनी गिअरची सायकल आणली होती. कामावरचा फुफाटा मागच्या गिअरमध्ये, म्हणजे चाकाशी लोंबणाऱ्या दोन छोट्या दातेरी चकत्यांत, जाऊन बसायचा. त्यावर मी सढळ हातानं तेल ओतायचो. त्याचा काळा चिखल व्हायचा आणि चेन भर चढावर उतरायची.

आक्कानं तो गिअर पाहिला आणि माझा उद्धारच केला. "ह्ये काय करून ठिवलास? भजी तळाया आणलास का सायकल?" कलेक्टर आला असता तरी त्याला 'तू'च ऐकावं लागलं असतं. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पोलक्यात खोचून ती खाली बसली. खिळ्यानं मळ खरवडला, रॉकेलात बुडवलेल्या जुन्या ब्रशनं घासलं, चिंधीनं कोरडं केलं. मग चेनच्या एकेका कडीवर एकेक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, आणि वरवरचं तेल पुन्हा टिपून घ्यायचं. हे करताना तिचा चेहरा निवळत जायचा. मला ती तेव्हा फार आवडायची.

काम ती नवऱ्याचं बघून शिकली होती. तो दिवसभर चेन दुरुस्त करायचा आणि दारू चढली की तीच चेन तिच्या पाठीवर ओढायचा. "वळ हायत अजून," ती पाऊसपाण्याचं बोलल्यासारखी सांगायची. तो मेला आणि आठवड्याच्या आत तिनं त्याचं दुकान पुन्हा उघडलं. एका ट्रकवाल्यानं खांद्यावर हात टाकला, तर हवेच्या पंपाच्या दांड्यानं त्याचा दात पाडला. गल्ली खूश झाली.

दुकानावर तिच्या दिराचा डोळा होता. आमच्याकडचा रिवाज असा, की खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा धनी करतो, आणि धनी म्हणजे गडी माणूस. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला दीर सकाळीच पिऊन आला. हातात हळदीकुंकवाचं ताट, बगलेत तेलाची बाटली. माझी सायकल स्टँडवर होती, गिअर नुकताच साफ झालेला. त्यानं त्यावर कुंकू फासलं, झेंडू खुपसला आणि अख्खी बाटली उपडी केली.

"पूजा मी केलो. आता दुकान माजं. तू घरी बसून भाकरी थाप."

आक्का चिंधी घेऊन गिअर पुसायला लागली. तेवढ्यात त्यानं पायडलवर लाथ हाणली. चेननं तिची बोटं ओढून दात्यांत नेली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

ती किंचाळली, आणि डाव्या हातानं पाना उचलून त्याच्या नडगीवर घातला. तो कोसळला, उठला, केस धरून त्यानं तिचं डोकं भिंतीवर आदळलं. आम्ही धावलो. मी त्याची मान आवळली. शेजारचे किराणावाले अप्पा, एरवी मुंगी न मारणारे, त्यांनी तराजूची दांडी त्याच्या पाठीत हाणली. तो सुटला तेव्हा आम्हाला दिसलं, आक्काच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेलेली होती.

"दवाखान्यात चल," आम्ही म्हणालो.

"थांब."

हात पदरात गुंडाळून तिनं सांडलेलं ताट ओढलं. डाव्या हातानं कुंकू उचललं आणि पान्याला, पकडीला, पंपाला लावत गेली. विधवेनं भर बाजारात कुंकवाला हात घातला होता. मग अप्पांनी आपल्या दुकानातला नारळ आणून तिच्यापुढं फोडला. "दुकानाची धनीण ही हाय," ते म्हणाले. "कुणाला काय म्हणायचं आसंल तर मला म्हणा."

दीर लंगडत देगलूरकडं गेला तो परत आला नाही. दुकान आक्काचंच राहिलं.

पुढं माझी नांदेडला बदली झाली, आणि काही वर्षांनी ती गेल्याचं कळलं. मला तिची शेवटची भेट आठवते. दुकानासमोर बसून मी गिअर साफ करत होतो. जाणाऱ्या कुणाचा तरी पाय लागला आणि पायडल हललं.

"हात काढ!"

आक्का धावत आली. थोटक्या पंज्यात माझा हात घेऊन तिनं एकेक बोट चाचपलं. सगळी धड होती. तरी कुणालाही न भिणारी ती बाई माझी बोटं पुन्हा पहिल्यापासून चाचपायला लागली.