साजूक तूप आणि ठासणीची बंदूक

ठासणीकाकांनी जन्मात दारूला तोंड लावलं नाही, पण त्यांच्याकडे दारूचा परवाना होता. तोही चक्क परीक्षा देऊन मिळवलेला. लग्न होऊन मी जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे फोनवर अभिमानानं सांगितलं. मी मनात म्हटलं, झालं. बाबांनी ‘तिथे आपला चुलतभाऊ आहे, काळजी नको’ म्हणून मला पाठवलं, तो हा असा.

दारू म्हणजे बंदुकीची दारू, हे कळलं तेव्हा तर मी जास्तच हादरले. त्यांच्या घरी गेले, तर मोटारींच्या कारखान्यातला हा शांत इंजिनियर बाथटबशी स्टूल घेऊन बसलेला, आणि माझ्या कमरेच्याही वर येईल एवढी लांब लोखंडी नळी गरम पाण्यानं धुतोय. मी दारातच थांबले. “घाबरू नकोस, ठासणीची आहे,” काका म्हणाले. जसं काही ठासणीची गोळी लागतच नाही माणसाला.

ती एका जुन्या अमेरिकन लांब रायफलीची इटलीत बनवलेली नक्कल होती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत धरलेली शिशाची गोळी गजानं खाली ठासायची. एक बार उडाला की पुन्हा पहिल्यापासून. अशी एकबारी बंदूक जर्मनीत बिनपरवाना मिळते, परवाना लागतो तो दारूला. मला हे ऐकूनही धक्काच बसला, कारण इथे बाल्कनीत कपडे वाळत घालायचे तरी शेजारी नियम दाखवतात. एवढी यातायात कशासाठी, असं विचारलं की काका म्हणत, “आल्झो, म्हणजे असं बघ, आठवडाभर कारखान्यात सगळं पटापट. शनिवारी एक तरी काम सावकाश करावं माणसानं.”

त्या चिंधीला स्निग्ध काहीतरी लावावं लागतं. नेमबाजांच्या फराइनमध्ये, म्हणजे क्लबात, सगळे गुरांची चरबी लावत. काकांनी पहिल्याच दिवशी हात मागे घेतला. “सत्तावन्न साली यावरून केवढं रामायण झालं, आणि मी ती हातानं चोळू?” त्यांनी जुन्या पंचाच्या चिंध्या केल्या आणि त्यांना लावलं साजूक तूप. तेही काकूंच्या देवघरातल्या, निरांजनासाठी काढून ठेवलेल्या बरणीतलं, गुपचूप. मला सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. काका वर म्हणतात कसे, “छान चालतं गं. फक्त काकूला बोलू नकोस.”

काकूंचं आणि त्या बंदुकीचं कधी जमलं नाही. ती खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, कुलपात असायची. खंडेनवमीला काकू विळी, कात्री, अगदी काकांचा लॅपटॉपसुद्धा पाटावर मांडत, पण बंदूक वर येऊ देत नसत. काकांची मात्र एकच इच्छा होती, काकूंनी एकदा रेंजवर यावं. दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला असायचे, तेव्हा विषय निघायचाच. “अगं, काळ्या दारूचा आवाज मऊ असतो. एकदा ऐक तर.” “बंदुकीचा आवाज म्हणे मऊ! अहो, तुम्ही जा, मला त्या धडाक्याची भीती वाटते.” मग काका माझ्याकडे बघून म्हणायचे, “येईल. मी रिटायर झालो की येईल.”

रिटायर व्हायच्या आधीच काका गेले. सकाळी चहा मागितला, काकू कप घेऊन आल्या, तोवर खुर्चीतच संपलं होतं. ना आजारपण, ना काही. मला फोन आला तेव्हा मी दोनदा ‘कोण काका?’ असं विचारलं म्हणे.

काही दिवसांनी फराइनचा म्हातारा अध्यक्ष घरी आला. सभासद गेला की पुढच्या शनिवारी पहिला बार त्याच्याच बंदुकीचा काढायचा, अशी त्यांची रीत. बंदूक नेऊ का, असं तो विचारत होता. काकू आता याला दार दाखवणार, या तयारीनं मी उभी राहिले. काकू म्हणाल्या, “न्या. मीपण येते.” मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

रेंजवर म्हाताऱ्यानं मापून दारू ओतली, चिंधी घेतली आणि चरबीच्या डबीकडे हात नेला. काकूंनी त्याचं मनगट धरलं. “नाइन. त्यांना ते चालत नाही.” ‘नाही’ एवढंच जर्मनमध्ये, बाकी मराठीत, पण तो थांबला. काकूंनी पर्समधून बरणी काढली. देवघरातली.

मी बरणीकडे बोट दाखवलं. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“दोन माणसांच्या घरात निरांजनाला एवढं तूप लागतं का गं? मी दर वेळी जास्तीचं कढवत होते.”

म्हाताऱ्यानं नेम धरला. मी कानांवरची झाकणं दोन्ही हातांनी दाबली. काकूंनी स्वतःची एका कानावरून सरकवली. धुम्म असा आवाज झाला, पांढरा धूर पसरला आणि त्यात कढवलेल्या तुपाचा वास होता. काकू धुराकडे बघत होत्या.

“मऊच होता गं,” त्या म्हणाल्या. “खरंच मऊ होता.”