मृगाचा हत्ती आणि आमचा टँकर

मे महिन्याचा शेवटचा रविवार, सोसायटीची सभा. रक्कम चौतीस हजार पाचशे. हजर चोवीस घरांपैकी अकरा.

प्रश्न एवढाच होता की, बोअर आटल्यामुळे रोज येणारा पंधराशेचा टँकर आठ ते तीस जून चालू ठेवायचा की मृग लागला म्हणून बंद करायचा. घरटी वाचणार होते चौदाशे साडेसदतीस रुपये.

अध्यक्षांची लासूर स्टेशनकडे शेती आहे, त्यामुळे पाऊस त्यांच्याच नातलगांपैकी असल्यासारखं ते बोलतात. त्यांनी पंचांग उघडलं. "मृगाचं वाहन हत्ती हाय औंदा. लई पडणार."

मी गच्चीवर पर्जन्यमापक ठेवतो. वहीत नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. मृगाच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे बरा पाऊस दोनदाच झाला, हे मी सांगितलं.

"साहेब, तुमची बाटली ऱ्हाऊ द्या. हत्ती काय बाटलीत मावतो व्हय?"

सगळे हसले. तळमजल्यावरच्या वहिनी हसल्या नाहीत. त्या विद्यार्थ्यांना बत्तीस डबे देतात, घर त्यावरच चालतं. टँकर बंद करण्याचा ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला.

सह्याद्रीने पिळून घेतलेल्या ढगांचं चिपाड आमच्याकडे येतं. शाळेच्या भूगोलात शिकलेली गोष्ट, पण शिकलेली माणसं वर्गणीचा प्रश्न आला की ती विसरतात. मृग लागला त्या दुपारी सुखना नदीच्या कोरड्या पात्रातली धूळ उठली, आभाळ काळं झालं, अध्यक्ष गॅलरीत येऊन हात जोडून उभे राहिले आणि ढग जालन्याकडे निघून गेले. मापकात दीड मिलिमीटर. त्यातली बरीचशी माती.

पुढचे चार दिवस नुसता वारा. टँकरवाल्याने आमची फेरी मुकुंदवाडीतल्या दुसऱ्या सोसायटीला देऊन टाकली होती. पाचव्या सकाळी वहिनी दारात आल्या.

"भाऊ, भाजी जारच्या पाण्यात करते. पण बत्तीस डबे घासू कशात? सात पोरं दुसऱ्या मेसला गेली."

आम्ही दोघं अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "ठराव नाय. ठरावाबिगर पैसा कसा काढू?" नियमांची एवढी चाड मी त्यांच्यात पहिल्यांदाच पाहिली.

वहिनींनी स्वतःच फोन केला. ऐनवेळचा दर सव्वीसशे. टाकी सर्वांची एकच, त्यामुळे पाणी चोवीसही घरांत गेलं. तासाभरात अध्यक्षांच्या घरून पाइप बाहेर आला आणि त्यांची गाडी धुतली गेली. कोणी विचारलं नाही की पाणी कुठून आलं.

टँकरवाल्याला सव्वीसशे रुपये रोख मिळाले. तेराशे वहिनींचे, तेराशे माझे. उरलेल्या बावीस घरांकडून शून्य.