सीटवर पडलेलं डॉप्लर

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांपैकी मी एक. आमच्या कॅथलॅबच्या दारावर लिंबू-मिरची टांगायला निघालेल्या माणसाला मीच हाकललं होतं — 'आत सगळं स्टराइल आणि दारात लिंबू? काढ ते!' भूत, भानामती, अंगात येणं... या खात्याशी आपला संबंध नाही. मी तळेगावच्या बाजूच्या एका हॉस्पिटलमध्ये टेक्निशियन आहे. हृदयाची अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात, त्या खोलीत. तिथे प्रत्येक आवाजाला कारण असतं आणि ते मला ठाऊक असतं. म्हणूनच हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घालवले. आता लिहूनच टाकते.

लोहगडवाडीला माझी मावशी राहते. आई लवकर गेली, मला वाढवलं ते मावशीने. किल्ल्याच्या पायथ्याशी तिचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे काय, चार बांबू, वर ताडपत्री, दोन बाकडी आणि एक चूल. शनिवार-रविवारी ट्रेकवाले येतात, पिठलं-भाकरी खातात, ताक पितात, भाकरीचे फोटो काढतात. मावशीला त्या फोटोंचं भारी कौतुक.

तर या मावशीच्या छातीत दुखायला लागलं आणि मी तिला उचलून आमच्याकडे आणली. एका रक्तवाहिनीत ब्लॉक होता, स्टेंट टाकला. तिच्या मनगटाची रक्तवाहिनी फारच बारीक निघाली, म्हणून स्टेंटची नळी जांघेतून न्यावी लागली. आता जांघेतून गेलं की तिथल्या मोठ्या रक्तवाहिनीला भोक पडतं आणि ते बंद करावं लागतं. पूर्वी नुसतं बोटांनी दाबून बसायचे, वर वाळूची पिशवी ठेवायचे. हल्ली त्यासाठी एक छोटं डिव्हाइस मिळतं. आत एक नळी सरकवायची. नळीतून रक्त ठिबकतंय तोवर टोक रक्तवाहिनीच्या आत आहे. हळूहळू मागे ओढायचं, ठिबकणं थांबलं की आपण नेमके भिंतीवर आलो. तिथे बूच बसवायचं. मावशीचं बूच बसलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. छान बसलं होतं.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, सिस्टरने तर दोनदा सांगितलं — आठवडाभर उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, जपा. मावशीने मान डोलावली. 'व्हय व्हय, न्हाई बसत.'

त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी मी लोणावळ्याच्या माझ्या घरून तिला बघायला गेले. पाहते तर काय, बाई चुलीपुढे उकिडव्या! शेजारी भरलेला हंडा, तोही तिनेच आणलेला. वहिनी, म्हणजे तिची सून, लग्नाला माहेरी गेली होती आणि मुलगा, आमचा संतोषदादा, जीप धूत होता.

"मावशे, काय सांगितलं होतं तुला?"

"आगं, गिऱ्हाईक दारात आल्यालं हाय. त्यांना काय उपाशी धाडू? आन् पाटावर बसून भाकर थापता येती व्हय? तूच दाव थापून."

मी तिला हाताला धरून उठवायला गेले. ती उठली, "आई गं" म्हणाली आणि मटकन खाली बसली. लुगड्यावर डाग दिसला... बघता बघता पसरला.

तिला बाकड्यावर आडवं केलं. जांघेत लिंबाएवढी गाठ होती, ती माझ्या डोळ्यांदेखत पेरूएवढी झाली. बूच निसटलं होतं. कातडीवरच्या भोकातून रक्त येत होतं आणि त्याहून जास्त आत साठत होतं. गोळ्यांमुळे ते आपोआप गोठण्याची आशाच नाही. दाबायचं कुठे ते मला पाठ आहे. कातडीच्या भोकावर नाही, त्याच्या जरा वर, कारण रक्तवाहिनीत घालताना सुई तिरकी, वरच्या दिशेने जाते. मी तिथे सगळा जोर लावला. पण रक्त थांबेना. सुजेमुळे बोटांना नाडीही लागेना. हितं दाब, तितं दाब... मावशीचे ओठ पांढरे पडत चालले होते.

आणि भोवती ट्रेकवाले मोबाइल धरून उभे!

"व्हिडिओ काय काढतोस रे मेल्या? माझी सॅक उघड!"

सॅकमध्ये डॉप्लर होतं. पेनाएवढा प्रोब आणि त्याला जोडलेला स्पीकरचा डबा. प्रोब कातडीवर टेकवला की आतल्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. आमच्या वॉर्डातलं हे जुनं डॉप्लर मधूनच बंद पडायचं, म्हणून लोणावळ्याच्या रिपेअरवाल्याकडे टाकायला मी घेऊन आले होते. चालेल याची खात्री नव्हती. पण माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? प्रोबला लावायला जेल लागतं, ते नव्हतं. संतोषदादाला ओरडून गोडेतेल मागवलं, ओतलं, बटण दाबलं.

लागलं! हुश्श... हुश्श... हुश्श... स्वच्छ, मोठा आवाज. प्रोब इंच इंच सरकवत गेले. नेहमीच्या जागेच्या बऱ्याच खाली, आतल्या अंगाला आवाज बदलला. नळाची चावी नीट बंद नसली की येतो तसा, सलग, सळसळणारा. तिथे अंगठा रोवला. सळसळ थांबली. रक्तही थांबलं.

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की मावशीने डोळे उघडले. मनात म्हटलं, आता हा अंगठा सर्जन सांगेल तेव्हाच उठेल. मग काहीही होवो.

अँब्युलन्स वर पोहोचेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. रविवारची गर्दी, अख्ख्या पुण्याच्या गाड्या चढत होत्या. दोघा-तिघांनी मावशीला जीपच्या मागच्या सीटवर ठेवलं, मी खाली गुडघ्यांवर बसले, डॉप्लर कुणीतरी सीटच्या कडेला टाकलं आणि संतोषदादाने जीप काढली. गायमुख खिंडीशी गाड्यांची ही रांग! दादा खिडकीतून ओरडत होता, "सरका ओ, माजी आई हाय आत!" लोक सरकत होते. हॉर्न, शिव्या, उतार, खड्डे... आणि या सगळ्यात तो आवाज चालूच होता. हुश्श... हुश्श...

मावशी डोळे मिटूनच पुटपुटली, "सुनी, कोण दळतंय गं?"

"कुणी नाही. मशीन आहे ते. तू बोलत राहा."

उत्तर दिलं आणि मग माझं लक्ष गेलं. प्रोब कुठे होता? माझे दोन्ही हात तर मावशीच्या जांघेवर. प्रोब सीटच्या कडेला, पलीकडे पडलेला. कशालाही टेकलेला नाही. त्याचं टोक हवेत होतं, हिंदकळत होतं.

हवेतून डॉप्लरला खरखर येते फक्त. नाडी येत नाही. कधीच येत नाही.

अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू. हात सटकन काढून घ्यावेत असंही क्षणभर वाटलं. पण मी स्वतःला दम भरला — सुनीता, तिकडे बघायचं नाही. दाबायचं. नंतर काय घाबरायचं ते घाबर.

भाजे गावाच्या उतारावर आवाज मंदावला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढायला लागलं. मावशीची मान कलली.

पुढून दादा ओरडला, "सुनी! आवाज कमी झाला गं!"

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

"मावशे! ए मावशे! झोपायचं नाही! चुलीवर भाकरी तशीच टाकून आलीस, जळून कोळसा झाली असेल बघ!"

तिचे ओठ हलले. "माजी... भाकर... कदी जळत न्हाई."

"जळली! मी पाहिली! त्या पोरांनी जळक्या भाकरीचा फोटो काढला!"

"मुडदा बशिवला त्यांचा..." मावशी म्हणाली आणि आवाजाने पुन्हा वेग घेतला. मी रडत होते आणि हसतही होते. मळवली गेली, हायवे लागला, अंगठ्याची संवेदना गेली, पण अंगठा हलवला नाही. सगळा रस्ता मी तिच्याशी भांडत होते. भाकरीवरून, हंड्यावरून, मी दहावीला असताना तिने कापायला लावलेल्या केसांवरून. ती थांबली की आवाज मंदावायचा, मग मी आणखी काहीतरी खरमरीत काढायचे.

निघतानाच एका ट्रेकवाल्याला आमच्या हॉस्पिटलला फोन करायला लावला होता, ऑपरेशन थिएटर तयार होतं. डॉप्लर जीपमध्येच राहिलं, दादाही जीपपाशीच थांबला. मी अंगठ्यासकट आत गेले. सर्जननी जागा उघडली, भोकाच्या वर आणि खाली रक्तवाहिनीला क्लॅम्प, म्हणजे चिमटे, लावून रक्ताचा प्रवाह पूर्ण बंद केला, मग मला म्हणाले, "सोड आता." माझा अंगठा सरळच होईना, सिस्टरने धरून काढला. त्यांनी भोक शिवलं आणि क्लॅम्प सोडले. कोपऱ्यात उभी राहून मी सगळं बघत होते. रक्तवाहिनी पुन्हा उडायला लागली.

सर्जन म्हणाले, "भोक नेहमीपेक्षा खाली होतं, तेही आतल्या बाजूला. एवढ्या सुजेत तुला सापडलं कसं?"

"डॉप्लर होतं सर," मी म्हणाले. ते "गुड" म्हणाले आणि गेले.

मी बाहेर आले. दादा जीपमध्ये बसला होता, डॉप्लरचा डबा दोन्ही हातांत छातीशी धरून. डोळे लाल. "दादा, मावशी वाचली," म्हटलं तर त्याने नुसती मान हलवली, जणू त्याला ठाऊकच होतं. मी डबा घेतला. चालू राहिलं असेल तर बंद करावं म्हणून उलटा केला. मागचं झाकण सैल होतं, ते हातात आलं.

आत बॅटरी नव्हती.

"दादा, तू काढलीस?"

"आईशपत न्हाई. मी काय बी हात लावला न्हाई."

वॉर्डात जाऊन सिस्टरला विचारलं. ती सहज म्हणाली, "अगं, रिपेअरला द्यायचं ना? पाझरून खराब होऊ नये म्हणून मीच काढून ठेवली. तुला सांगायचं राहिलं." ड्रॉवर उघडून तिने दाखवली.

तुम्ही काय म्हणाल ते मी आधीच स्वतःला म्हणून पाहिलं आहे. ताण होता, माझ्याच कानातली नाडी ऐकू आली असेल. मग दादाला काय ऐकू आलं? मी घाबरले होते म्हणून तोही घाबरला? बरं, तेही मानते. मग नेमकं भोक सापडलं कसं? योगायोगाने? चला, तेही मानू. नंतर बॅटरी घालून पाहिलं, न घालता पाहिलं, तेल लावून पाहिलं. बॅटरीशिवाय ते डॉप्लर एकदाही वाजलं नाही. मावशीचं म्हणणं, तिची वारलेली सासू जात्यावर दळत होती. मी म्हटलं, गप बस, असलं काही नसतं. अजूनही हेच म्हणते.

फक्त एक गोष्ट मला सुटत नाही. त्या दिवशी बॅटरीचं कळल्यावर मी परत जीपपाशी गेले आणि दादाला विचारलं, "मी आत असताना आवाज चालू होता का रे?"

तो खाली मान घालून बोलला. "व्हता की. मग येकदम बंद झाला. सुनी, मी म्हटलं, गेली आई... हितं येकलाच बसून रडलो गं. लय येळ गेला. आन् मग परत लागला, आदीपेक्षा जोरात. जरा येळ वाजला आन् आपला आपण थांबला. तवा मला कळलं, आई वाचली."

तुमच्याकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी प्रत्येक कमेंट वाचेन. फक्त 'भास' एवढंच लिहून जाऊ नका. आत क्लॅम्प लागला आणि सुटला, हे थिएटरमधल्या आम्हा चार माणसांनी पाहिलं. दादा बाहेर जीपमध्ये होता, आणि क्लॅम्प म्हणजे काय हे त्याला आजही माहीत नाही.